'बरं आहे'चा आलेख

काकूंच्या नवऱ्याची नोकरी घेतली ती दुसऱ्या कुणी नाही, नवऱ्याच्याच आवाजाने.

बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून त्यांनी उभी हयात गाड्या पुकारल्या. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागेल, कुठली उशिरा येईल, कुठली येणारच नाही, हे ते अशा काही सुरात सांगत की गाडी रद्द झालेला माणूसही क्षणभर खूश होई. चालक, वाहक, हमाल सगळे त्यांना आवाजराव म्हणत. मग व्यवस्थापनाला आधुनिक व्हावंसं वाटलं. आवाजरावांना एका बंद खोलीत बसवलं आणि सगळ्या गावांची नावं, सगळे आकडे, 'उशिराने', 'रद्द' आणि 'त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत' असं सगळं सुटंसुटं म्हणवून घेतलं. आवाजरावांना वाटलं, आपला सन्मान चाललाय. त्यांनी घोट घोट गरम पाणी पीत एकेक गाव मनापासून म्हटलं. थोड्याच दिवसांत संगणक ते तुकडे जोडून गाड्या पुकारू लागला आणि आवाजरावांना मुदतीआधीच निवृत्त करण्यात आलं. त्यांच्या निरोप समारंभाला कर्मचाऱ्यांनी जमावं, ही घोषणासुद्धा त्यांच्याच आवाजात झाली. भाषणं झाली, टाळ्या झाल्या आणि आठवण म्हणून त्यांना खिशात मावणारा एक रेकॉर्डर देण्यात आला. भेट निवडणाऱ्याची कल्पकता वाखाणावी तेवढी थोडी.

त्यानंतर ते एकदाच स्थानकावर गेले. दुपारभर बाकावर बसून ऐकून आले. घरी येऊन चपला काढता काढता म्हणाले, "'दिलगीर आहोत' फार घाईत म्हणतो तो."

"तो कोण?" काकूंनी विचारलं.

यावर ते काही बोलले नाहीत. पुढेही फारसं काही बोलले नाहीत.

काकू म्हणजे अख्ख्या इमारतीच्या काकू. तळमजल्यावर पुढच्या खोलीत त्यांचं कपडे अल्टर करायचं दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. पँट आखूड कर, कोट सैल कर, चेन बदल, अशी कामं दिवसभर चालत आणि मशीन थांबलं तरी काकूंचं तोंड थांबत नसे. 'मेले मी' हा त्यांचा पूर्णविराम होता. सुई हरवली, मेले मी. सुई सापडली, मेले मी, इथेच होती होय! गिऱ्हाईक हसवणारं निघालं तर जीव गेला, भांडणारं निघालं तर जीव खाल्ला, आणि कुणीच आलं नाही तर जीव नकोसा झाला. एवढं मरून त्यांची तब्येत ठणठणीत होती.

नवरा गप्प झाला तेव्हा सुरुवातीला काकूंनी दोघांच्या वाटचं बोलून काम भागवलं. मग ताट भरलेलं परत येऊ लागलं. दाढी वाढली. आवाजराव भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. परगावी नोकरी करणारी लेक फोनवरून आईच्या मागे लागली आणि काकूंनी त्यांना मोठ्या इस्पितळाच्या मनोविकार विभागात नेलं.

तिथे नैराश्याचं निदान झालं. गोळ्या मिळाल्या, शिवाय दर आठवड्याला समुपदेशक मॅडमबरोबर अर्धा तास बोलणं. काकूंनी या बाईंचं नाव गप्पा मॅडम ठेवलं आणि पहिल्या दिवशी दाराला कान लावून पाहिला. आत नुसती शांतता.

"अर्धा तास दोघांनी गप्प बसायचं आणि त्याला उपचार म्हणायचं?" घरी परतताना त्या म्हणाल्या. "मेले मी! मग तुम्ही घरी काय वेगळं करत होतात?"

पण काही आठवड्यांनी आतून पुटपुटणं ऐकू आलं. आवाजराव काचेच्या खोलीतल्या खुर्चीबद्दल सांगत होते. खुर्चीचा एक पाय आखूड होता म्हणून ते त्याखाली जुनं वेळापत्रक घडी करून ठेवत. वेळापत्रक बदललं की पायाखालचंही बदलायचं, नाहीतर खुर्ची चुकीच्या वेळेवर बसायची, असं ते म्हणाले आणि मॅडम हसल्या. दाराबाहेर काकू चकित झाल्या. इतक्या वर्षांत ही खुर्ची त्यांच्या कानावर आलीच नव्हती. येणार कुठून? कान कधी मोकळे नव्हते.

नेमकं याच वेळी विभागात संशोधन सुरू झालं.

संशोधन विभागप्रमुखांचं होतं. त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, आणि 'मोठे'वर थोडा जोर दिला तर त्यांना आवडत असे. त्यांनी फोनमध्ये घालायचं एक ॲप आणलं होतं, नाव 'कानोसा'. रोज संध्याकाळी कानोसा रुग्णाला चार प्रश्न विचारणार: आज कसं वाटतंय? झोप कशी झाली? जेवण झालं का? उद्याबद्दल काय वाटतं? उत्तर काय आहे याच्याशी त्याला फार कर्तव्य नव्हतं. आवाज किती थरथरतो, शब्दांमध्ये किती थांबतो, सूर कुठे खाली जातो, यावरून ते मनाचा आलेख काढणार. वर हिरवं, मध्ये पिवळं, खाली लाल. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला पूर्वीसारखं बोलणं, दुसऱ्याला बोलण्याच्या जागी कानोसा. आवाजरावांची चिठ्ठी कानोशात निघाली. संमतीच्या कागदावर त्यांनी निमूट सही केली. त्या दिवसांत त्यांच्यासमोर जे धराल त्यावर ते सही करत. निम्मं काम उरलेल्या गप्पा मॅडमना तातडीच्या पथकात हलवण्यात आलं.

"माणूस खोटं बोलतो," मोठे डॉक्टर काकूंना म्हणाले. "आवाज कधी खोटं बोलत नाही."

"यांचा आवाज तर एकटाच नोकरीला जातो हो डॉक्टर," काकू म्हणाल्या. "तिकडे कुठे काय बोलतो, घरी कळत नाही."

मोठे डॉक्टर हसले. विनोद कळल्यावर हसतात तसं नाही, नातेवाईक बोलून झाले की हसतात तसं.

आधी आवाजाचा नमुना घेण्यात आला, म्हणजे रुग्णाच्या जागी दुसरं कुणी उत्तरं द्यायला नको. आवाजरावांनी समोरचा परिच्छेद वाचून दाखवला. माइक दिसल्याबरोबर त्यांची पाठ ताठ झाली आणि खोलीत तो जुना, गोल, भरदार आवाज घुमला. तंत्रज्ञ मुलीने खूश होऊन मान डोलावली. एवढा स्वच्छ नमुना तिला आजवर मिळाला नव्हता.

पहिल्या दोन-तीन संध्याकाळी आवाजराव उत्तरच देईनात. मग काकूंनीच फोन उचलला आणि सांगून टाकलं, "काही बरं नाही, जेवले नाहीत, माझा जीव खाताहेत." कानोसा म्हणाला, "आवाज ओळखता आला नाही. कृपया सहभागी व्यक्तीला बोलू द्या." लग्नानंतर काकूंना असं तोंडावर पहिल्यांदाच कुणी सांगितलं होतं. त्या तणतणत बाहेर गेल्या.

आणि दुसऱ्या दिवसापासून चमत्कार झाला. संध्याकाळी मागच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला, स्पष्ट, ठसठशीत, फलाटभर पोहोचेल असा. "आज बरं आहे." थोडं थांबून, "झोप ठीक." मग, "जेवण झालं." आणि शेवटी, "उद्याचं उद्या पाहू."

काकूंनी हातातली पँट खाली ठेवली आणि डोळे पुसले. मग रोज तेच. आलेख लेकीच्याही फोनवर दिसत असे. तो पिवळ्यातून हिरव्यात गेला आणि तिथेच राहिला, अगदी इस्त्री केल्यासारखा सपाट. काकूंनी इमारतभर सांगितलं. गिऱ्हाइकांना सांगितलं. ज्याला नवऱ्याचं दुखणं ठाऊकच नव्हतं त्याला आधी दुखणं सांगितलं, मग बरं झाल्याचं सांगितलं.

खटकायला हवं होतं असं पुष्कळ होतं. आवाजराव दिवसभर पडूनच असत. काकूंना मात्र जे बोललेलं ऐकू येतं तेच खरं मानायची सवय. नवऱ्याच्या पँटची कंबर त्यांनी एकदा आत घेतली, पुन्हा आत घेतली, आणि गिऱ्हाइकांना कौतुकाने म्हणाल्या, "पोट कसं उतरवलंय बघा आमच्या यांनी." कधी पलीकडून 'जेवण झालं' ऐकू येई आणि झाकलेलं ताट समोर ओट्यावर असे. असेल, म्हणायची पद्धत असेल, असं काकूंनी स्वतःला समजावलं.

मोठ्या डॉक्टरांनी दोघांना बोलावून घेतलं. भिंतीवरच्या पडद्यावर आवाजरावांचा आलेख होता.

"संपूर्ण अभ्यासातला सर्वोत्तम प्रतिसाद," ते म्हणाले. "चढउतार जवळजवळ शून्य. एवढा स्थिर आवाज तर माझाही नाही."

"पण पँट ढगळ होतेय हो यांची," काकू म्हणाल्या.

"वजन हा या अभ्यासाचा विषय नाही." मोठे डॉक्टर आवाजरावांकडे वळले. "काय, बरे आहात ना?"

आवाजरावांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे सांगणं कठीण होतं. पण मानेचाही अभ्यासाशी संबंध नव्हता. महिनाअखेर फाइल बंद करायची, गोळ्या हळूहळू थांबवायच्या आणि नंतर गरज वाटलीच तर नव्याने नंबर लावायचा, असं ठरलं. नवा नंबर कित्येक महिन्यांनी लागतो, हे बाहेरच्या खिडकीवरच्या बाईने न विचारता सांगितलं.

त्याच आठवड्यात आवाजरावांना जबरदस्त सर्दी झाली. घसा पार बसला. पाणी हवं का, या प्रश्नालाही नुसती घरघर. काकू बाहेर एका वकीलबाईंच्या कोटाला खडूच्या खुणा करत होत्या, आणि आतून आवाज आला, काचेसारखा लख्ख. "आज बरं आहे."

काकूंच्या हातातला खडू थांबला.

"झोप ठीक."

त्या उठल्या आणि मागच्या खोलीत गेल्या. आवाजराव भिंतीकडे तोंड करून पडले होते, नाकातून सूं सूं श्वास चालला होता. उशाशी स्टुलावर फोन होता आणि फोनला टेकून तो भेटीचा रेकॉर्डर. "जेवण झालं," रेकॉर्डर म्हणाला. "उद्याचं उद्या पाहू." फोनवर हिरवं फूल उमललं आणि "छान! उद्या भेटू" अशी अक्षरं आली.

यंत्र विचारत होतं आणि यंत्र सांगत होतं. दोघांचं उत्तम जमलं होतं. मध्ये माणसाची अडचण अशी नव्हतीच.

"अहो," काकू म्हणाल्या. आवाज चढवायचा होता, पण चढला नाही. "अहो, काय आहे हे? किती दिवस चाललंय?"

आवाजराव वळले नाहीत. त्यांचा हात तेवढा मागे आला, चाचपडत रेकॉर्डरपर्यंत गेला आणि बटण दाबलं गेलं.

"आज बरं आहे," रेकॉर्डर काकूंना म्हणाला.

काकूंनी लेकीला फोन केला.

"आई, आत्ताच बघितलं मी, हिरवा आहे," लेक म्हणाली. "तू उगाच टेन्शन घेतेस."

"अगं, ते बोलतच नाहीयेत! डबी बोलतेय!"

"आई, तू पूर्वीही म्हणायचीस, टीव्हीतली बाई तुझ्याकडे बघून बोलते म्हणून."

"ते वेगळं! मेले मी, तुला कसं सांगू?"

"हे बघ, तूच रोज दहादा मरतेस. त्यातलं खरं कुठलं ते ओळखायचं कसं आम्ही?"

हा प्रश्न तसा रास्त होता. म्हणूनच काकूंना राग आला आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्पितळाला फोन लावला. मोठे डॉक्टर परिषदेला गेले होते, आलेख दाखवायला. तातडीचं काम असेल तर एक दाबा, असं सांगण्यात आलं. वकीलबाई कोट घालून बघायला आल्या होत्या आणि एका बाहीला टाचण्या लावून झाल्या होत्या. त्यांना तसंच उभं ठेवून काकूंनी एक दाबलं.

"आपली अडचण थोडक्यात सांगा," यंत्र म्हणालं.

"थोडक्यात कसं सांगू? अहो, जीव टांगणीला लागलाय माझा. मेले मी सांगून सांगून, कुणी ऐकेल तर शपथ! हा माणूस एक दिवस माझा जीव घेणार. असं वाटतं, सगळं सोडून कुठेतरी निघून जावं आणि परत येऊच नये."

"आपण म्हणालात: मेले. जीव. निघून जावं. परत येऊ नये. हे बरोबर आहे का?"

"बरोबर म्हणजे? अगदी बरोबर! आत्ता कुठे कुणीतरी ऐकतंय."

"आपण आत्ता एकट्या आहात का?"

"एकटीच म्हणायची. नवरा असून नसल्यासारखा."

"आपल्याजवळ एखादी धारदार वस्तू आहे का?"

"आहे की! कात्री आहे, ब्लेड आहे, सुया आहेत. कालच धार लावून आणलीय. तुम्हाला काय करायचंय?"

"कृपया फोन ठेवू नका. मदत निघाली आहे."

काकूंनी विजयी मुद्रेने वकीलबाईंकडे पाहिलं. "बघितलंत? असं ठणकावून सांगितल्याशिवाय कामं होत नाहीत."

मदत खरोखरच आली, आणि इतक्या लवकर आली की काकूंना इस्पितळाबद्दल आदर वाटला. दारात गाडी थांबली. गप्पा मॅडम उतरल्या आणि त्यांच्यामागून दार भरून टाकेल एवढा एक ब्रदर.

"कात्री खाली ठेवा, ताई," ब्रदर हात पुढे करून मऊ आवाजात म्हणाला.

"ताई कुणाला म्हणतोस? काकू म्हण! आणि ती कापडाची कात्री आहे. कागदाला लावलीस तर याद राख."

ब्रदरने कात्री घेतली, ब्लेडं घेतली, सुयांची डबी घेतली. मग त्याची नजर वकीलबाईंच्या बाहीवर गेली आणि तो एकेक टाचणी काढू लागला.

"अहो, काय करताय? ते माप आहे!" वकीलबाई ओरडल्या. "मला उद्या कोर्टात उभं राहायचंय!"

"मॅडम, सहकार्य करा. पेशंटचा जीव महत्त्वाचा."

"कोण पेशंट?" काकू म्हणाल्या. "पेशंट आत आहे! मला काही धाड भरलेली नाही!"

"नकार हेही लक्षणात धरलंय, काकू," गप्पा मॅडम थकल्या आवाजात म्हणाल्या. पथकात आल्यापासून त्यांना हे वाक्य दिवसातून बरेचदा म्हणावं लागत असावं. कारण गेल्या काही दिवसांत तातडीच्या फोनवरच्या यंत्राने नुसत्या शब्दांवरून लाल ठरवलेल्या लोकांत नातवावर जीव ओवाळून टाकणारी एक आजी होती, कामाने अर्धमेला झालेला एक आचारी होता आणि मॅच हरल्यावर 'आता जगण्यात अर्थ नाही' म्हणणारे तिघे मित्र होते. सगळ्यांच्या घरातल्या सुऱ्या जमा झाल्या होत्या.

काकूंनी मॅडमचं मनगट धरलं आणि त्यांना मागच्या खोलीत ओढत नेलं. एकही शब्द न बोलता रेकॉर्डर उचलून त्यांच्या हातात ठेवला. मॅडमनी बटण दाबलं. चारही उत्तरं ऐकली. मग पुन्हा एकदा ऐकली. आवाजराव भिंतीकडेच बघत होते. मॅडम स्टूल ओढून त्यांच्या पाठीशी बसल्या.

"खुर्चीचा पाय आठवतो तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

पाठ हलली नाही. पण सूं सूं चाललेला श्वास क्षणभर थांबला.

मॅडमनी तिथूनच मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. परिषदेत जेवणाची सुट्टी झाली असावी. मागे चमच्यांचा आवाज येत होता.

"सर, आपला सर्वोत्तम प्रतिसाद रेकॉर्ड केलेला आहे. रोज तेच वाजवतात."

"आवाज त्यांचाच आहे ना?"

"हो, पण..."

"मग झालं. आपला अभ्यास आवाजाचा आहे."

"सर, माणूस जेवत नाहीये."

"माणूस हिरव्यात आहे. तुम्ही लालकडे बघा. ती बाई कशी आहे, जिच्यासाठी गेलात?"

मॅडमनी काकूंकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. "लाल आहे, सर," त्या म्हणाल्या. "चांगलीच लाल आहे. दर आठवड्याला बसावं लागेल."

फोन बंद करून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "यांना मी बोलावू शकत नाही. हे बरे झालेत. तुम्हाला मात्र अर्धा तास मिळतो, आणि लाल पेशंटबरोबर एक नातेवाईक आत बसवता येतो."

काकूंना कळायला वेळ लागला नाही. "म्हणजे मी पेशंट आणि हे नातेवाईक?"

"हो. पण एक अट आहे. तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"तोंड न उघडणारी पेशंट मी? मेले मी!"

"हे अजिबात म्हणायचं नाही. त्यावरच तर सगळं लाल झालंय." मॅडम हसल्या, मग एकदम थांबल्या. "पण काकू, खरंच, तुम्हाला कसं वाटतंय?"

काकूंनी तोंड उघडलं आणि पुढे काही आलंच नाही. इतक्या महिन्यांत हा प्रश्न घरात रोज संध्याकाळी विचारला गेला होता, पण तो त्यांच्यासाठी नव्हता.

"मला काय होणार?" त्या घाईने म्हणाल्या. "बरं आहे."

ते शब्द दोघींनीही ऐकले. 

मग दर आठवड्याला काकू पेशंट म्हणून जाऊ लागल्या. नवरा नातेवाईक म्हणून मागून येई. मॅडमना मिळालेली खोली म्हणजे खरं तर सलाइनचे जुने स्टँड ठेवायची जागा होती. तीन खुर्च्या टाकल्या की दार पूर्ण उघडत नसे. दारावर काकूंची पिशवी तपासली जाई आणि सुया-टाचण्या बाहेर ठेवाव्या लागत. त्यामुळे तोंड बंद राहावं म्हणून काकू ओठांत टाचणीऐवजी दोऱ्याचं टोक धरून बसत. दोरा पडला की तोंड सुटणार, हे ओळखून त्या लगेच दुसरा धरत. मॅडम काहीबाही विचारत, आवाजराव स्टँडच्या चाकांकडे बघत बसत. पण जाताना ते आपली खुर्ची भिंतीला नीट लावून ठेवू लागले. आवाजरावांच्या गोळ्या अजून सुरू होत्या, कारण त्या थांबवायच्या कागदावर मॅडमनी चहा सांडला होता. चुकून, असं त्या म्हणाल्या.

महिनाअखेर जवळ आली. मोठ्या डॉक्टरांच्या सपाट हिरव्या आलेखाचं परिषदेत फार कौतुक झालं होतं आणि दुसऱ्या देशातल्या कुणीतरी तो मागवला होता.

त्या दिवशी वेळ संध्याकाळची मिळाली होती. आवाजरावांच्या अंगात सैल होणारा शर्ट काकूंनी दुपारीच उसवून आत घेतला होता आणि शिवताना खिशातलं सगळं काढून मशीनच्या पाट्यावर ठेवलं होतं. रोज संध्याकाळी वाजणारा रेकॉर्डर तिथेच राहिला. मुद्दाम नव्हे. काकूंना मुद्दाम काही करायचं असतं तर ते त्यांनी इमारतभर सांगितलं असतं.

अर्धा तास संपत आला होता. आवाजराव चाकांकडे बघत होते. काकूंच्या पिशवीत ठेवलेला आवाजरावांचा फोन वेळेवर जागा झाला.

"आज कसं वाटतंय?" कानोसा म्हणाला.

आवाजरावांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. त्यांनी दुसरा खिसा पाहिला. शर्टाला दुसरा खिसा नव्हता.

"कृपया उत्तर द्या. आज कसं वाटतंय?"

काकूंनी फोन पिशवीतून काढून टेबलावर ठेवला.  आवाजरावांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला. बाहेर आला तो आवाज कुठल्याच फलाटावर ऐकू आला नसता. घोगरा होता आणि मध्येच तुटत होता.

"बरं नाही," ते म्हणाले.

"आवाज ओळखता आला नाही," कानोसा म्हणाला. "कृपया सहभागी व्यक्तीला बोलू द्या."

काकूंच्या ओठांतला दोरा ताणला गेला. फोनला ऐकवण्यासारखं त्यांच्यापाशी पुष्कळ होतं. त्यांनी ते दोऱ्याआडच गिळलं.

"मीच आहे," आवाजराव म्हणाले.

"आवाज ओळखता आला नाही."

"मीच आहे!" या वेळी ते जरा चढ्या आवाजात म्हणाले आणि मग फोन सोडून मॅडमकडे बघू लागले. "तो म्हणतो बरं आहे. मला बरं नाही. झोप लागत नाही. घास खाली जात नाही. उद्याचं..."

 मॅडमनी फोन पालथा घातला. सलाइनच्या स्टँडमागे कुठेतरी नळ ठिबकत होता.

"उद्याचं?" मॅडमनी विचारलं.

 आवाजरावांची नजर काकूंवर गेली होती, आणि तिथेच राहिली. बऱ्याच दिवसांनी दिसलेल्या माणसाकडे बघावं तसे ते बघत होते, जरा काळजीने.

"ही इतकी गप्प का?" त्यांनी मॅडमना विचारलं. "हिला बरं नाही का?"

काकूंनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली. काकूंनी ओठांतला दोरा काढला आणि बोटाला गुंडाळला.

"मेले मी," त्या म्हणाल्या, आणि पुढचं काही सुचेना. तेव्हा आवाजराव पुढे झुकले आणि त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे कसं वाटतंय?"

टेबलावर पालथा पडलेला फोन अजून कुणीतरी बोलायची वाट बघत होता.